एक्सपिडिशन ३३: गुस्ताव्ह गेला त्याबद्दल (स्पॉयलर भरपूर)

आधीच सांगतो, एक्सपिडिशन ३३ हा व्हिडिओ गेम पूर्ण खेळला नसेल तर इथूनच मागे फिरा, कारण मला ग्राफिक्स-बिफिक्सवर काही बोलायचं नाहीये, यात माणसं कशी मरतात त्यावर बोलायचंय.

फॅन्टसी गेम्सचा हा जुनाच घोळ आहे. लढाईत कॅरेक्टर दहा वेळा आडवं होतं, दहा वेळा आपण उठवतो, आणि मग कटसीनमध्ये (मधल्या सिनेमासारख्या दृश्यात) एकच वार बसतो की खेळ खल्लास! फायनल फॅन्टसी सेव्हनमध्ये (१९९७) एरिथ गेली तेव्हा बॅगेत आडव्या झालेल्याला उठवणाऱ्या फिनिक्स डाऊनचा ढीग पडलेला, मग एक तिला का नाही दिला हे लोक अजून विचारतात. त्याआधी १९९२ च्या फाइव्हमध्ये मात्र गालुफ मरतो तेव्हा बाकीचे खरंच सगळं करून बघतात, जादू, फिनिक्स डाऊन, सगळं, आणि काहीच लागू पडत नाही. मला तो प्रामाणिकपणा जास्त आवडतो.

आता एक्सपिडिशन ३३ (२०२५). इथे दरवर्षी पेंट्रेस ही गूढ चित्रकार एक आकडा रंगवते आणि त्या वयाची सगळी माणसं पाकळ्या होऊन उडून जातात. सुरुवातीलाच आपण ज्याला खेळवतो त्या गुस्ताव्हच्या हातात हात असताना त्याची जुनी प्रेयसी सोफी जाते. म्हणजे मरण येणार हे पहिल्यापासून माहितीय, तारखेसकट, म्हणूनच पहिल्या अ‍ॅक्टच्या शेवटी रेन्वार हा शत्रू गुस्ताव्हला मारतो, तेही गुस्ताव्हला धाकट्या बहिणीसारख्या असलेल्या सोळा वर्षांच्या मायेलच्या डोळ्यांदेखत, तेव्हा आपण गाफील सापडतो, कारण त्याच्याकडे अजून वर्ष होतं ना! मी कंट्रोलर खाली ठेवला आणि नुसता बसून राहिलो.

त्याच्या जागी लगेच व्हर्सो येतो. तलवारी त्याच, लेव्हलही तीच, आधी वाटलं अरे हे तर रिकामी खुर्ची भरल्यासारखं झालं. पण लढायला लागलो आणि कळलं, गुस्ताव्हच्या यांत्रिक हाताचा, ताकद साठवून एकदम सोडायचा तो ओव्हरचार्ज नाहीये, व्हर्सोचा रँक वाढत जातो आणि मार खाल्ला की घसरतो, म्हणजे तलवार ओळखीची पण हाताची सवय मोडते. माणूस गेल्याचं हे बोटांना कळणं, हे कुठल्याच कटसीनला जमलं नसतं, इथे पैकीच्या पैकी.

तिसऱ्या अ‍ॅक्टवर मात्र माझा राग आहे. सगळं जग चित्रातलं निघतं, पाकळ्या झालेल्या लून आणि सिएल या साथीदार परत येतात, दोन शेवटांपैकी मायेलच्या शेवटात तर गुस्ताव्हसुद्धा थिएटरमध्ये सोफीबरोबर दिसतो. मान्य, तो शेवट मुद्दाम अस्वस्थ करणारा आहे, परत आणणं म्हणजेच दुःख नाकारणं वगैरे, पण मी ज्याच्यासाठी रडलो तो असा हसत समोर आला की फसवल्यासारखं वाटतंच ना.

आणि हो, गुस्ताव्हच्या तलवारी बिनधास्त अपग्रेड करा, वाया जात नाहीत. मी उगाच मटेरियल जपून ठेवत बसलो. अर्थात हे आधी कोणी सांगितलं असतं तर तेव्हाच संशय आला असता म्हणा.