तीन सलगम आणि एक रुटाबागा: घरच्या वाफ्यासाठी बियाण्यांची पारख

सलगमाच्या पाकिटावर सगळ्यात कामाचा असतो तो दिवसांचा आकडा. हे थंडीचं पीक. 10 ते 20 अंश सेल्सिअसला सुखाने वाढतं, पारा 27 च्या वर राहिला की कंद तिखट आणि निबर होतात. थंडी जितकी थोडी, तितका वाण हळवा, म्हणजे लवकर तयार होणारा हवा.

या कसोटीवर हाकुरेई पहिला. सुमारे 38 दिवसांत तयार, पातळ सालीचा, कच्चाच खावा असा गोड. पाल्यावर लव नाही, त्यामुळे तोही कोवळा असताना खाता येतो. कंद 5 सेंटिमीटरचे झाले की काढायचे. वाण संकरित आहे, घरचं बी धरून उपयोग नाही.

पर्पल टॉप व्हाइट ग्लोब हा जुना, सरळ वाण, बी धरता येतं. 50 ते 55 दिवस लागतात. कंद 10-12 सेंटिमीटरपर्यंत फुगतो खरा, पण खायचा असेल तर 7 वरच उपटावा. या वाणाबद्दलच्या बहुतेक तक्रारी उशिरा काढण्याच्या आहेत. गोल्डन बॉल पिवळ्या गराचा, चवीला सौम्य, थोडा सावकाश.

बी जागेवरच, 1 सेंटिमीटर खोल पेरा. रोपं बोटभर झाली की 10 सेंटिमीटरवर एक ठेवून विरळणी करा. इथे हात आखडला तर नुसता पाला मिळतो. ताजं शेणखत किंवा जादा नत्र दिलं तरी तेच. पाण्यात खंड पडून एकदम भरपूर पाणी मिळालं की कंद तडकतात. कोवळ्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसली तर ते पिसू भुंगेरे. बारीक जाळी पेरणीच्या दिवशीच घाला, कडा मातीत दाबून. मात्र आधी त्याच वाफ्यात कोबी-मुळ्याच्या कुळातलं पीक असेल तर जाळी घालू नका: मातीतून निघालेले भुंगेरे आतच कोंडले जातात.

लॉरेन्शियन रुटाबागाची गोष्ट वेगळी. सलगम आणि कोबीच्या संकरातून आलेलं हे पीक 90 ते 100 दिवस घेतं आणि दोन रोपांत 20 सेंटिमीटर मागतं. लांब, खरी थंडी नसेल तर याच्या वाटेला जाऊ नये. कंद बाहेरून ठणठणीत आणि कापल्यावर आत तपकिरी निघाला तर बोरॉन कमी आहे. उपाय बोरॅक्सचा, पण माती तपासूनच, कारण थोडं जास्त झालं तरी पुढच्या घेवड्याला बाधतं. मुळांवर गाठी आल्या तर तो क्लबरूट रोग. आम्ल मातीत तो बळावतो, म्हणून चुना घालून मातीचा सामू (pH) 7 च्या थोडा वर न्यावा आणि त्या जागी काही वर्षं या कुळातलं काहीच लावू नये.

साठवणीत मात्र रुटाबागाच सरस. पाला शेंड्यालगत कापून, न धुता, शून्य अंशाजवळ दमट जागी ठेवला तर काही महिने टिकतो.