वर्षात संपूर्ण बायबल की दीड महिन्यात एकच मार्कचं शुभवर्तमान?

संपूर्ण बायबलचे अध्याय 1189. वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार, म्हणजे साधारण वीस मिनिटं फक्त वाचनाला. पहिल्या दोन पुस्तकांचे, म्हणजे उत्पत्तीचे 50 आणि निर्गमाचे 40 अध्याय गोष्टींच्या ओघात सरतात. जानेवारीच्या अखेरीस लेवीय हे तिसरं पुस्तक येतं, अर्पणांचे नियम सुरू होतात आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. वडोदऱ्यात तर त्याआधीच 14-15 जानेवारीला उत्तरायण. दोन दिवस पतंगांसाठी गच्चीवर गेले की सहा-सात अध्याय थकतात, ते भरून काढायच्या घाईत डोळे फिरतात, मन नाही. आणि प्रार्थना राहते ती राहतेच. थकबाकी फेडत बसू नका, सरळ आजच्या तारखेचा भाग उघडा.

दुसरी वाट: मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे मार्कने लिहिलेली येशूची जीवनकथा, तिचे 16 अध्याय, रोज पंधरा वचनं. पहिलं वाचन मनात, दुसरं मोठ्याने, मग एकच वचन वहीत उतरवायचं आणि त्यावरच प्रार्थना. पंधरा मिनिटं पुरतात. वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक भागात पाळीची नोकरी असेल तर हेच झेपतं. मुलं गुजराती माध्यमात असतील तर देवनागरी अडखळत वाचतात, त्यांना तीन वचनं द्या. उणीव एकच, पण मोठी: जुना करार, म्हणजे बायबलचा येशूच्या आधीचा भाग, हाती लागत नाही. त्यासाठी रात्री एक स्तोत्र जोडा. 150 स्तोत्रं पाच महिन्यांत होतात. 119वं मात्र 176 वचनांचं आहे, ते आठ-आठ वचनांच्या कडव्यांनी 22 दिवस घ्या, म्हणजे तीन आठवडे वाढतील.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने मार्कच घ्यावं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातल्या पाच मूर्ख कन्यांकडे दिवे होते, कमी पडलं ते तेल. तशी वाचनाच्या घाईत प्रार्थना कमी पडू नये.