कड न कापलेलं खोगीर

आमच्या चंद्राच्या पाठीवर दोन पांढरे ठिपके आहेत. घोडी काठेवाडी, 9 वर्षांची. आधीच्या तयार खोगिराने पडलेल्या जखमा भरल्या, पण तिथले केस पांढरेच उगवले. म्हणून या वेळी मापाचं करून घ्यायचं ठरवलं आणि कोल्हापुरात सुभाषनगरात एका काकांकडे गेलो. पिढीजात काम कोल्हापुरी चपलांचं, खोगिरं मागणी आली तरच. काका ख्रिस्ती, मी माळकरी.

पैशाचं बोलायला गेलो तर म्हणाले, "घोडी बघितल्याबिगर कातड्याला हात लावत न्हाई." रविवारी चर्च सुटल्यावर स्वतः आमच्याकडे वडणग्याला आले. जाड तार पाठीवर तीन ठिकाणी वाकवून तिचा आकार कागदावर उतरवला आणि बराच वेळ नुसता हात फिरवत बसले.

नक्षीचं मी त्यांच्यावर सोपवलं होतं. त्यांनी बायबलातला लेवीयचा 19 वा अध्याय सांगितला: शेत कापताना कडेकोपऱ्यापर्यंत कापू नका, पडलेलं वेचू नका, ते गरिबाला आणि परक्याला राहू द्या. खोगिराच्या दोन्ही पदरांवर तेच शेत आहे. आपल्याकडचं म्हणून शाळूचं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं ओलसर करून एकेक कणीस ठोकून उठवलंय. पुढे कापलेली धाटं, आणि मागच्या कोपऱ्यात सात कणसं तशीच उभी. अक्षर कुठेच नाही. पदर उचलला तर आत, घोडीच्या अंगाकडे, एवढंच कोरलेलं दिसतं: नीतिसूत्रे 12:10. नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाला जपतो, असं ते वचन. ते वर का नाही, असं विचारलं तर म्हणाले, "ज्याच्यासाठी हाय त्याच्या बाजूला नको व्हय?"

कातडं बेतताना त्यांनी मला बोलावून घेतलं आणि कडेचा एक पट्टा बाजूला ठेवायची परवानगी मागितली. अशा कडांतून ते रंकाळ्यावर पोरांना फिरवणाऱ्या घोड्यांसाठी आणि वीटभट्टीवरच्या गाढवांसाठी गाद्या शिवतात, फुकट. मी बसलो होतो तेव्हाच एक पोरगा तुटलेला तंग, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळायचा पट्टा, घेऊन आला. माझं काम बाजूला ठेवून तो आधी शिवला. मेणाचा दोरा, दोन सुया समोरासमोर, म्हणजे एक धागा तुटला तरी दुसरा धरतो. फुकटच्या कामालाही शिवण तीच होती, हे मी नीट बघितलं.

खोगीरभरती हा शब्द आपण बिनकामाच्या माणसांसाठी वापरतो. काकांनी भरतीच्या लोकरीची गाठ अन् गाठ बोटांनी सोडवली, त्यातच दोन दिवस गेले. आता तासभर रपेट करून खोगीर उतरवलं की दोन्ही बाजूंना घाम सारखा उमटलेला असतो आणि कण्यावरची पट्टी कोरडी असते. मला हेच हवं होतं.

उणं तेही सांगतो. 5 आठवडे म्हणाले, 9 लागले. रिकिबीच्या, म्हणजे पाय अडकवायच्या कडीच्या, पट्ट्याला भोकं कमी होती, दोन पाडून घ्यावी लागली. पहिल्या पावसात रंग पँटीला लागला. किंमत 34,000 रुपये.

दुकान रविवारी बंद असतं. दिवाणखान्यात मांडायला खोगीर मागितलं तर ते करत नाहीत, घोडं दाखवावं लागतं.