पॉवर सप्लाय तपासायचा: क्लिप की टेस्टर?

कॉम्प्युटरचा सप्लाय २४ पिनचा, हाताशी असलेला मदरबोर्ड जुना २० पिनचा. तपासायला बोर्ड लागतच नाही. सप्लायच्या २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी तार कुठल्याही काळ्या तारेशी वाकवलेल्या पेपर क्लिपने जोडली की सप्लाय सुरू होतो. क्लिप लावताना मेन स्विच बंदच हवा, तो नंतर चालू करायचा. पण पंखा फिरला म्हणजे सप्लाय चांगला, असं नाही. मल्टिमीटरवर पिवळ्या तारेला ११.४ ते १२.६, लालला ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसायला हवेत.

टेस्टर म्हणजे सप्लायचा कनेक्टर लावला की व्होल्ट दाखवणारं छोटं यंत्र. बहुतेक टेस्टरना २० आणि २४ दोन्ही पिन चालतात, आकडे लगेच दिसतात. दुकानात रोजच्या कामाला तोच बरा. घरी मात्र मी मल्टिमीटरच घेईन: हार्ड डिस्क जोडून, भार पडल्यावर १२ व्होल्ट किती उतरतात ते सहज मोजता येतं. काही जुन्या ब्रँडेड मशिनांत तारांची मांडणीच वेगळी असते. तिथे क्लिप लावूच नका.