सुपरचार्जरच्या पुलीच्या नावाखाली १,४१,३०० गेले, इंदूरवाल्यांनो आधी हे वाचा

लिहू की नको यात तीन आठवडे गेले. बायको म्हणाली, "कशाला गावभर सांगता, लोक हसतील." हसू देत. त्या माणसाकडे आजही गाड्या उभ्या आहेत आणि त्यातली एखादी वाचणाऱ्याची असू शकते.

माझ्याकडे २००९ ची मर्सिडीज सी२०० कॉम्प्रेसर आहे, सेकंडहँड घेतलेली, १८०० सीसी, सुपरचार्जरवाली, १८४ हॉर्सपॉवर. ज्यांच्याकडे असली गाडी आहे त्यांना पुलीचं वेड काय असतं ते माहीत आहे. ब्लोअर, म्हणजे सुपरचार्जरच, इंजिनात हवा कोंबणारा पंप, बेल्टवर फिरतो, त्याची पुली लहान केली की तो इंजिनच्या मानाने जोरात फिरतो, हवा जास्त कोंबतो, बूस्ट म्हणजे त्या हवेचा दाब वाढतो. ७२ मिमीची पुली काढून ६५ ची लावली तर ब्लोअर साधारण ११ टक्के जास्त फिरणार, हे गणित सातवीतलं पोरगंही करेल. टर्बोसारखं इथे नुसतं लॅपटॉप लावून बूस्ट वाढत नाही, म्हणून पुली. खूप वर्षं मनात होतं.

आणि मी काही अडाणी नाही हो. पीथमपूरला ऑटो पार्टच्या कारखान्यात १६ वर्षं क्वालिटीमध्ये आहे. रोज मापं घ्यायचा व्हर्नियर हातात असतो. ०.१ मिमी इकडचं तिकडे झालं की अख्खा लॉट परत पाठवणारा माणूस मी. हेच तर जास्त झोंबतं.

वर्कशॉप देवास नाक्याच्या बाजूला, नाव लिहित नाही कारण वकिलाने नको सांगितलंय. बाहेर दोन बीएमडब्ल्यू उभ्या, आत एसी केबिन, भिंतीवर ग्राफच ग्राफ. मालक तिशीतला, बोलायला मध. पहिल्या भेटीत पोहे-जलेबी मागवली आणि मला काही सांगायच्या आधी मलाच विचारलं, "भिया, इंटरकूलर स्टॉक है ना? ऑक्टेन कौन सा डालते हो?" आता इतका बरोबर प्रश्न विचारणारा माणूस चोर असेल असं कोणाला वाटेल? बूस्ट वाढला की हवा तापते (ती थंड करायला इंटरकूलर), तापली की नॉक होतं, म्हणजे पेट्रोल चुकीच्या वेळी पेटतं (ते टाळायला जास्त ऑक्टेनचं पेट्रोल), मग ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर स्पार्कचं टायमिंग मागे ओढतो आणि कमावलेली पॉवर तिथेच जाते, हे सगळं त्याने मला समजावलं, आणि सगळं खरं होतं. ज्याला काहीच कळत नाही तो फसवू शकत नाही हे मला आत्ता कळतंय.

हिशोब असा. इम्पोर्टेड पुली किट ६८,५००. रीमॅप, म्हणजे ईसीयूमधलं प्रोग्रॅमिंग बदलणं, ४५,०००. नवीन छोटा बेल्ट आणि फिटिंग १२,८००. टेस्टिंग १५,०००. एकूण १,४१,३००. ७०,००० यूपीआयने त्याच्या स्वतःच्या नावावर (फर्मच्या नाही, तेव्हाच कान टवकारायला हवे होते), ५०,००० कॅश, उरलेले २१,३०० डिलिव्हरीला पुन्हा यूपीआय. जीएसटीचं बिल मागितलं तर म्हणाला १८ परसेंट और लगेगा. म्हणजे २५,४३४ वाचवले मी. शाब्बास. पक्कं बिल न देणाऱ्याला एक रुपया देऊ नका, आणि बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या.

११ दिवसांनी फोन आला, गाडी तयार. गेलो तर बॉनेट उघडून ठेवलेलं आणि आत ब्लोअरवर लालभडक पुली, पावडर कोटिंग केलेली, लग्नातल्या नवरीसारखी. मी फोटोच काढत सुटलो. आणि मग बेल्टकडे नजर गेली. माझ्या बेल्टच्या कडेला एक धागा सुटलेला होता, दिवाळीपासून मी बघत होतो, बदलू बदलू म्हणत होतो. तो धागा तिथेच होता.

आता बघा, पुली लहान झाली की बेल्ट लांब पडतो. १० मिमी लहान पुली म्हणजे बेल्ट जवळजवळ १५ मिमी आखूड लागतो, फार तर बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर ओढून घेईल पण मग त्याचा हात वेगळ्या जागी दिसतो. बेल्टवर ६पीके लिहिलेलं असतं, सहा म्हणजे खाचा आणि पुढचा आकडा म्हणजे लांबी मिलिमीटरमध्ये. वाकून वाचायचं फक्त. मी वाकलो नाही. मी विचारलं, "बेल्ट नया डाला ना?" तो म्हणाला, "भिया, एकदम नया, पुली के साथ मैचिंग आता है." आणि मी म्हटलं, "अच्छा."

त्या "अच्छा"वर मी रात्री तीन वाजता उठून बसतो.

बरं, तेवढंच नाही. टेस्टिंगचे १५,००० कशाचे तर म्हणे पीथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्यांच्या टेस्टिंग केंद्राच्या हायस्पीड ट्रॅकवर लॉगिंग करून आणलं. कागद दिला, २२१ हॉर्सपॉवर, रंगीत ग्राफ. मी गाडी सोडताना ओडोमीटरचा फोटो काढला होता, सवयच आहे, १,०८,४१२. घेताना १,०८,४२१. नऊ किलोमीटर. त्या ट्रॅकचा एक राउंडच ११.३ किलोमीटरचा आहे, आणि देवास नाक्यावरून पीथमपूरला जाऊन यायचं ते वेगळंच. मी रोज त्या बोर्डासमोरून जातो! घरी येऊन फोटो बघितला, आकडा बघितला, आणि स्वतःला सांगितलं की ट्रकवर टाकून नेली असेल. ट्रकवर नेली तरी ट्रॅकवर तर चाकंच फिरणार ना. आणि त्या कागदावर कोपऱ्यात बारीक अक्षरात फ्रंट व्हील ड्राइव्ह लिहिलेलं, माझी गाडी मागच्या चाकांवर चालते. तो कागद मी दहा मित्रांना पाठवला होता.

कोणी म्हणेल चालवताना कळलं नाही का. कळलं ना, आवाज वाढला होता! ब्लोअरची शिट्टी मस्त ऐकू यायची. नंतर कळलं की हवेच्या पाइपातला आवाज दाबायचा डबा काढून टाकलेला, बस. कानाला पॉवर वाटली म्हणून पायालाही वाटली. जुनी पुली मागितली तर म्हणाला एक्स्चेंजमध्ये गेली. जुना पार्ट हातात मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका, कोणालाही, सख्ख्या मावसभावालाही.

उघडकीला आलं ते दोन महिन्यांनी. बेल्ट चिरकायला लागला म्हणून लोहा मंडीजवळच्या जुन्या मेकॅनिक काकांकडे गेलो. त्यांनी पुली बघितली, नखाने रंग खरवडला, खाली ए२७१ ने सुरू होणारा कंपनीचा नंबर. म्हणाले, "अरे बाळा, ही तर तुझीच आहे." मग मी डब्यातून व्हर्नियर काढला, तो गाडीतच असतो, रोज असतो, त्या दिवशीही होता. तसल्याच इंजिनच्या दुसऱ्या गाडीची पुली मोजली, मग माझी. फरक ०.१४ मिमी. रंगाचा थर. लहान व्हायची पुली मोठी झाली होती. ईसीयू ओळखीच्या पोराने वाचला, मॅप कंपनीचाच, हातही लावलेला नाही.

काका वर म्हणाले की बरंच झालं, या इंजिनांची टायमिंग चेन आणि कॅमचे गिअर आधीच नाजूक, खरी पुली लागली असती तर वेगळा खर्च होता. हे सांत्वन होतं की काय मला अजून कळलेलं नाही.

आता पोलीस. ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी अर्ज लिहून आणा. तिसऱ्या दिवशी हिंदीत लिहून आणा. चौथ्या दिवशी साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "इंजन मॉडिफाई कराया? ये तो इल्लीगल है, पहले तो तुम पर बनता है." मोटर व्हेइकल ॲक्टचं कलम ५२, दंड एका बदलाला ५,०००, सगळं मला ऐकवलं. मी म्हटलं साहेब, काहीच मॉडिफाय झालेलं नाही, हीच तर तक्रार आहे! तर म्हणतात, "जब कुछ हुआ ही नहीं तो शिकायत किस बात की?" घ्या. बदललं असतं तर मी गुन्हेगार, नाही बदललं तर गुन्हाच नाही. वर "सिविल मैटर है, बैठके समझ लो." पावतीही दिली नाही. चारशेवीसचं आता ३१८ झालं, माणसं तीच. एका तक्रार पोर्टलवर टाकलं तर आठ दिवसांनी मेसेज, "आवेदक संतुष्ट, प्रकरण बंद." कोण संतुष्ट? मला एक फोन नाही. पुन्हा टाकलं, पुन्हा संतुष्ट. इन्शुरन्सला तर मी विचारायलाच गेलो नाही, मॉडिफिकेशन शब्द काढला की उद्या क्लेमच्या वेळी तेच तोंडावर मारतील. तुमचं खरंच झालेलं असेल तर पॉलिसीत आधी कळवा.

आता ग्राहक आयोगात टाकलंय. ५ लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांच्या आत टाकायचं, घरबसल्या ऑनलाइन होतं. यूपीआयचे स्क्रीनशॉट, ओडोमीटरचे फोटो, व्हॉट्सॲप चॅट, सगळं जोडलं. कॅशचे ५०,००० कशाने सिद्ध करू ते मात्र वकिलालाही माहीत नाही.

त्या माणसाने मला ब्लॉक केलंय, पण मेव्हण्याच्या फोनवर त्याचं स्टेटस दिसतं. काल एक फोटो होता, लाल पुली, खाली लिहिलेलं "एक और हैप्पी कस्टमर". मेव्हण्याकडून मागवून झूम करून बघितला. बेल्टच्या कडेला धागा सुटलेला आहे.