बियांपासून रोपं करायचं स्टार्टर किट: ११ आठवडे वापरल्यावर

ज्यांनी कधी बी पेरलेलं नाही आणि आता घरातच थोडी फुलं, थोडे हर्ब्ज लावावेत असं मनात आहे त्यांच्यासाठी लिहितेय. मी पण तशीच होते, तयार रोपं आणून जगवली होती पण बी पेरायचं आणि ते उगवायची वाट बघायची हे कधीच केलं नव्हतं. हे किट घेऊन ११ आठवडे झाले, आज खिडकीत झेंडू फुललाय, झिनियाचं पहिलं फूल परवा उघडलं, बेसिल छान भरलंय. म्हणजे किट कामाचं आहे, यात शंका नाही. पण सोबत आलेला सूचनांचा कागद मी जसाच्या तसा पाळत राहिले असते तर यातलं निम्मं पण हाताला लागलं नसतं, म्हणून घ्यायच्या आधी हे वाचा.

बॉक्समध्ये काय येतं: २४ खणांचा ट्रे, त्याच्याखाली पाणी धरणारा दुसरा ट्रे, वर पारदर्शक झाकण आणि त्याला हवेसाठी दोन सरकणाऱ्या खिडक्या, कोकोपीटच्या (म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) ३० दाबलेल्या चकत्या, आणि बियांची ८ पाकिटं, झेंडू, झिनिया, पेटुनिया, कॅलेंडुला, बेसिल, कोथिंबीर, पार्स्ले आणि पेपरमिंट. प्लॅस्टिक जाड आहे, ट्रे भरलेला असताना एका हाताने उचलला तरी वाकत नाही. चकत्या कोमट पाण्यात टाकल्या की बघता बघता फुगतात, नाण्याएवढ्या चकतीचा बोटभर उंच ठोकळा होतो, मला तर हे बघायलाच इतकं आवडलं की एकेक करून टाकल्या. माती चाळायची नाही, पसारा नाही, घरात करणाऱ्यासाठी हे फार सोयीचं आहे.

आता कागद. त्यात आठही बियांसाठी मिळून चारच सूचना आहेत. बी १ सेंमी खोल पेरा, रोज पाणी द्या, ७ ते १० दिवसांत उगवेल, रोपं तीन इंचांची होईपर्यंत झाकण काढू नका. बस. आठ वेगवेगळ्या झाडांना एकच माप, आणि नवीन माणूस हेच खरं मानतो कारण त्याला दुसरं काही माहीतच नसतं.

पेटुनियाचं सांगते. तिचं बी म्हणजे अक्षरशः धुळीचा कण, एका ग्रॅममध्ये १० हजारांच्या आसपास बिया बसतात. एवढ्याशा बीच्या पोटात साठवलेलं अन्न किती असणार, ते १ सेंमी खाली गाडलं तर वर येईपर्यंत त्याचा दम संपतो, आणि शिवाय पेटुनियाला उगवायला उजेड लागतो, तिला झाकायचंच नसतं. मी कागदात लिहिल्याप्रमाणे तीन खणांत नीट खोल पेरली आणि २१ दिवस रोज सकाळी उठून आधी ट्रे बघायचे, काही नाही. मग वाचलं, शोधलं, आणि उरलेलं बी नुसतं वर टाकलं. ओल्या टूथपिकच्या टोकाला एक एक बी चिकटवून चकतीवर टेकवायचं, माती टाकायची नाही, वरून पाणी ओतायचं नाही, बारीक फवारा मारून झाकण लावायचं. नवव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. त्या तीन आठवड्यांत मला वाटत होतं की आपल्या हातालाच गुण नाही, आणि कारण निघालं कागदातली एक ओळ. याचा मला खरंच राग आहे, कारण कितीतरी लोक पहिल्या ट्रेनंतर सोडून देत असतील.

याच्या बरोबर उलटं कॅलेंडुलाचं. वाकड्या अळीसारखं दिसणारं ते बी अंधारात चांगलं उगवतं, त्याला १ सेंमी खोली मस्त मानवते. झेंडू, झिनिया पण वरून हलका थर टाकलेला असला की खूश, माझा झेंडू पाचव्या दिवशीच वर आला. बेसिलला अर्धा सेंमी पुरतं. ते बी ओलं झालं की स्वतःभोवती पारदर्शक बुळबुळीत आवरण धरतं, बघून बुरशी आली वाटून फेकू नका, ते त्याचं नेहमीचं आहे, पाणी धरून ठेवण्यासाठी. साधारण हिशेब असा ठेवा की बी जेवढं जाड त्याच्या दुप्पट तिप्पट खोल, आणि धुळीसारखं बारीक असेल तर वरच. एवढी एक ओळ त्या कागदावर असती तरी पुष्कळ झालं असतं.

७ ते १० दिवस हे पण सगळ्यांना लागू नाही. पार्स्लेला तीन आठवडे सहज लागतात, कधी चार. ती उगवत नाही म्हणून ट्रे उलटा करू नका, पेरायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून ठेवा, थोडा फरक पडतो. माझ्या तीन खणांतली एकच आली. मग मी उरलेल्या पाकिटातल्या १० बिया ओल्या टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून बंद डब्यात ठेवून बघितल्या, महिनाभरात दोनच फुटल्या. म्हणजे बीच जुनं होतं. पार्स्लेचं बी एक दोन वर्षांतच जोर सोडतं, झिनिया झेंडूचं त्यापेक्षा जास्त टिकतं, आणि या पाकिटांवर पॅकिंगची तारीख छापलेलीच नाही! ही मला सगळ्यात मोठी उणीव वाटते. बी जिवंत वस्तू आहे, तिच्यावर तारीख हवीच. टिश्यू पेपरची टेस्ट मात्र कुठलंही बी घेतलं तरी पेरायच्या आधी करा, फुकटात कळतं की दोष आपला की बीचा.

झाकणाबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण इथे माझी चांगली उगवलेली रोपं गेली. झाकण बी फुटेपर्यंत ओल टिकवायला असतं. पहिली रोपं वर आली की त्याच्या खिडक्या उघडायच्या आणि बरीचशी उगवली की झाकण काढूनच टाकायचं. मी तीन इंचांची वाट बघत बसले. आतून सगळं झाकण घामेजलेलं, कोकोपीटवर पांढरी बुरशी, आणि एका सकाळी बेसिलची चार रोपं आडवी पडलेली, पानं हिरवीगार पण देठ मातीला लागून दोऱ्यासारखा बारीक आणि मऊ झालेला. याला रोपांची मर म्हणतात, मातीत, पाण्यात असलेल्या बुरशांमुळे होते, सतत ओल आणि कोंडलेली हवा मिळाली की ती झपाट्याने पसरते आणि पडलेलं रोप परत उभं राहत नाही. मी ते खण चकतीसकट काढून टाकले, झाकण काढलं, टेबलफॅन लांब ठेवून अगदी हळू वारा दिला आणि पाणी वरून द्यायचं बंद केलं. त्यानंतर एकही गेलं नाही.

पाणी खालच्या ट्रेमध्ये ओतायचं, चकत्या अर्ध्या तासात लागेल तेवढं शोषून घेतात, उरलेलं ओतून टाकायचं. रोज तर मुळीच नाही. कोकोपीट सुकायला लागलं की गडद तपकिरीवरून फिकट होतं, त्या रंगाकडे बघा, आणि ट्रे उचलून बघा, हलका लागला तरच पाणी. दोन आठवड्यांत हाताला बरोबर कळायला लागतं. रोज पाणी दिलं की बुरशी येते आणि ती बारीक काळी चिलटं पण येतात, त्यांच्या अळ्या ओल्या कोकोपीटमध्ये कोवळी मुळं खातात.

बॉक्सवर फोटो आहे त्यात ट्रे खोलीतल्या टेबलावर ठेवलेला दाखवलाय, खिडकी लांब मागे कुठेतरी. असं ठेवलंत तर रोपं नक्की लुकडी होणार. उजेड कमी पडला की रोप सगळी ताकद उंच व्हायला लावतं, देठ लांब पांढरट, पानं दोनच, आणि मग स्वतःच्या वजनाने झुकतं. माझ्या झिनियाचं झालं. भरपूर उजेडाच्या खिडकीला चिकटून ठेवा, रोज ट्रे फिरवा, आणि तेवढा उजेड येत नसेल तर पांढरा एलईडी दिवा रोपांच्या वर ५ ते १० सेंमीवर, रोज १४ ते १६ तास. रोपं वाढली की दिवा पण वर सरकवायचा. रात्री मात्र बंद. किटमध्ये दिवा नाही यात माझी तक्रार नाही, पण उजेड लागतो एवढं तरी लिहायला हवं होतं.

चकत्यांबद्दल अजून दोन गोष्टी, एक चांगली एक नाही. चांगली ही की झिनियासारखी झाडं ज्यांना मुळं दुखावलेली चालत नाहीत ती चकतीसकट मोठ्या कुंडीत जातात, त्यांना कळतही नाही हलवलं ते. माझी सगळी झिनिया हलवल्यावर दुसऱ्या दिवशी ताठ होती. पण चकतीभोवती जी बारीक जाळी असते ती काढा, निदान दोन तीन ठिकाणी उभी कापा, कागदात याबद्दल अक्षर नाही. मी झेंडूचं एक रोप जाळीसकट लावलं होतं, ते बाकीच्यांच्या मागे पडलं म्हणून उकरून बघितलं तर मुळं आतल्या आत गोल फिरलेली, जाळी तशीच्या तशी.

दुसरं म्हणजे कोकोपीटमध्ये खत असं काही नसतं. बीमधून आलेली पहिली दोन गुळगुळीत पानं असतात ना, ती खरी पानं नव्हेत, ती बीजदलं, रोप सुरुवातीला त्यांच्यातल्या शिदोरीवर जगतं. नंतर त्या झाडाची ओळखीची पानं येतात आणि तिथून पुढे त्याला खायला लागतं. चौथ्या आठवड्यात माझं बेसिल खालून पिवळं पडायला लागलं, मी पाणी वाढवलं, अजून पिवळं. मग पातळ खत नेहमीच्या अर्ध्या प्रमाणात आठवड्यातून एकदा सुरू केलं आणि नवीन पानं हिरवी यायला लागली. खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की कुंडीत हलवा, आणि बाहेर उन्हात ठेवायचं असेल तर एकदम नेऊ नका, पहिल्या दिवशी सावलीत तासभर आणि मग ७ ते १० दिवसांत हळूहळू वाढवत न्या, घरात वाढलेली पानं उन्हात सरळ करपतात.

बेसिलचा शेंडा खुडायला माझा जीव होत नव्हता, इतक्या मरणातून वाचलेलं रोप. पण पानांच्या तीन चार जोड्या झाल्यावर एका जोडीच्या बरोबर वर खुडलं आणि आठवड्यात तिथून दोन फुटवे निघाले, आता तीन कुंड्या भरून आहे. खुडाच.

कोथिंबीर या किटमध्ये का दिलीय मला कळत नाही. तिचं सोटमूळ सरळ खाली जातं, छोट्या खणात तिला जागा नाही आणि हलवलेलं आवडत नाही, लगेच फुलावर जाते. तिचं ते गोल बी म्हणजे खरं तर दोन बिया एकत्र असतात, हलकं रगडून दोन भाग करायचे आणि जरा खोल कुंडीत थेट पेरायचं. मी ट्रेमधली गमावली, कुंडीत पेरलेली छान आली.

आणि पेपरमिंट. यावर मी विक्रेत्याला मेसेज पण केला. पेपरमिंट हा वॉटरमिंट आणि स्पिअरमिंटचा संकर आहे, तो जवळजवळ वांझ असतो, त्याची वाढ कटिंगवरून नाहीतर जमिनीलगत पसरणाऱ्या खोडांवरून करतात. मग पाकिटातलं बी कशाचं? उगवलं ते पुदिन्याच्या जातीचंच आहे, वास पण येतो, पण पेपरमिंटचा तो गार झणका नाही. उत्तर म्हणून त्यांनी माफी मागून बदली पाकीट पाठवलं आणि त्यावरही पेपरमिंटच लिहिलेलं होतं. लोक उत्तर देतात, तत्पर आहेत, पण माल काय भरलाय हे तपासणारं कोणीतरी हवं. पेपरमिंटच हवं असेल तर कोणाकडून तरी एक फांदी मागून पाण्यात ठेवा, आठ पंधरा दिवसांत मुळं सुटतात.

५ पैकी साडेतीन स्टार देतेय, ट्रे, झाकण आणि चकत्यांसाठी. तारीख छापली आणि प्रत्येक पाकिटामागे त्या त्या बीची खोली, उजेड आणि दिवस लिहिले तर आनंदाने वाढवीन. फुलांची पाकिटं चांगली निघाली, झेंडूच्या तीन खणांत पेरलेल्या सहाच्या सहा बिया उगवल्या. पेटुनियाला अजून कळी नाही पण ती उशिरा परत पेरलेली, पेरल्यापासून १० ते १२ आठवडे घेते, तिला वेळ आहे.

ट्रे साबणाने घासून, वाळवून परत भरलाय. या वेळी पार्स्लेचं नवीन बी आणलं, पाकिटावर तारीख बघून, रात्रभर भिजवून पेरलं, आणि चिठ्ठीवर पेरल्याची तारीख लिहून खणाला चिकटवलीय.