दोन फुटी फिश टँकला हीटर: ५० वॅट की १०० वॅट?

२ बाय १ बाय १ चा टँक म्हणजे वर थोडी जागा सोडून साधारण ५० लिटर पाणी, आणि लिटरला १ वॅट हा हिशोब धरला तर ५० वॅटचा पुरतो, पण हा हिशोब खोली किती गार पडते ते बघत नाही ना! मुंबईत ५० वाला आरामात चालतो, कधीकधी तर लागतच नाही. नाशिकला डिसेंबरच्या रात्री खोली १७-१८ वर आली की तोच हीटर लाल लाईट लावून रात्रभर चालू, आणि पाणी तरी २६ ला पोचेल याची खात्री नाही.

५० लिटर पाणी १ डिग्री चढवायला ५० वॅटला तासाच्या वर लागतो, १०० ला जेमतेम ३५ मिनिटं, म्हणून लाईट जाऊन आली की फरक लगेच कळतो. बिलाचं टेन्शन नको, थर्मोस्टॅट (पाणी ठरलेल्या डिग्रीला आलं की हीटर बंद करणारा स्विच) कट करतो, युनिट जवळपास सारखेच.

१०० चा एकच धोका, थर्मोस्टॅट चिकटून हीटर चालूच राहिला तर मासे उकडतील, ५० वाल्यात निदान वेळ मिळतो. तरी थंडीच्या गावात मी १०० च घेईन, फक्त वेगळा थर्मामीटर लावा आणि पाणी बदलायच्या १५ मिनिटं आधी प्लग काढा, नाहीतर पाण्याबाहेर आलेल्या गरम हीटरची काच तडकू शकते.